डोक्यातलं कागदावर

नोव्हेंबर २००६. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतला प्रयोग नऊ दिवसांवर आला होता आणि सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेचे कार्यवाह अतिदक्षता विभागात होते. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली होती. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकवीस वर्षं त्यांनी संस्था एकहाती चालवली होती. लेखकाच्या परवानगीचं पत्र कुठल्या पाकिटात आहे, संहितेचं सेन्सॉर सर्टिफिकेट कुणाकडे आहे, नेपथ्याचे फ्लॅट कुणाच्या वखारीत पडलेत, टेम्पोवाल्याला किती आगाऊ दिलेत, सगळं अण्णांना तोंडपाठ. कुणी काही विचारलं की ते कपाळाला बोट लावून म्हणायचे, "इथं आहे सगळं. तुम्ही तालमीचं बघा."

खात्यात पैसे होते, पण काढायला तिघांपैकी दोघांच्या सह्या लागत. त्या तिघांतले अध्यक्ष तीन वर्षांपूर्वी वारले होते, खजिनदार मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते आणि तिसरी सही अण्णांची. मधल्या काळात वार्षिक सभेत दोनदा नवं कार्यकारी मंडळ निवडलं गेलं होतं, हार घालून फोटोही निघाले होते. बँकेला मात्र कुणी काही कळवलं नव्हतं.

त्या रात्री तालमीच्या खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका ज्येष्ठ नटाचं लक्ष कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंकडे गेलं. "ताई, तुमच्याकडं वही असती. तुम्हीच बघा आता."

ताईंची निवडणूक ती एवढीच. त्या तेव्हा चाळिशीच्या होत्या. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करत होत्या, आणि कुठलं लुगडं कुठल्या नाटकाला गेलं, धुऊन परत आलं की नाही, याची दोनशे पानी वही ठेवत होत्या. एवढ्या भांडवलावर पुढची सतरा वर्षं त्यांनी संस्था चालवली. पदाची हौस नव्हती असं त्या म्हणत नाहीत. "हौस होती की. मला वाटलं होतं माइकवर बोलायला मिळंल. मिळाली पिशवी."

स्पर्धेचा प्रयोग झाला. टेम्पो एका नटाच्या मेहुण्यानं दिला, वरखर्चाचे पैसे ताईंनी पगारातून घातले. वखारीतून जे फ्लॅट आले ते दुसऱ्याच नाटकाचे निघाले. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला आणि त्यांच्यातूनच काहीतरी उभं केलं. त्या वर्षी संस्थेला एकच पारितोषिक मिळालं, नेपथ्याचं.

मग पिशवी. अण्णांच्या घरी वहिनींनी ती ताईंच्या हातात दिली तेव्हा तिची चेन तुटलेली होती आणि तोंड सुतळीनं बांधलेलं होतं. आत तिकिटांची अर्धुकं, नाट्यगृहाच्या अनामतीच्या पावत्या (त्यांतल्या दोन अनामती परत घ्यायच्याच राहिलेल्या), मानधन पोचलं नाही याची आठवण करून देणारं एका लेखकाचं पोस्टकार्ड, आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेले हिशेब. एका पत्रिकेवर होतं, 'टेम्पो ४००. बोललो.' कुणाशी बोलले, काय बोलले, चारशे दिले की द्यायचे होते, ते अण्णांनाच ठाऊक. चार रविवार त्या पिशवीवर गेले. ताईंनी घरात फरशीवर ढीग लावले: येणं, देणं, ठेवायचं, टाकायचं. पाचवा ढीग 'देव जाणे' या नावाचा. तो सगळ्यांत मोठा झाला.

मग न कळवलेलं नवं मंडळ. सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचं हे बाविसावं कलम. नाटकवाल्यांना शेक्सपिअर माहीत असतो, हे कलम माहीत नसतं. ताईंना विलंब माफीचा अर्ज करावा लागला, जुनी इतिवृत्तं शोधावी लागली, ज्या सभांची इतिवृत्तं लिहिलीच नव्हती त्यांचं काय करायचं म्हणून वकिलाकडे खेटे घालावे लागले. दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत संस्थेनं एकही मोठं नाटक केलं नाही आणि 'नाटक सोडून कागदं रंगवणारी बाई' असा शिक्का ताईंवर बसला. तो पुरता कधी गेला नाही.

पण याच खटपटीत त्यांनी संस्थेची घटना पहिल्यांदा वाचली. उद्देश चौदा होते. नाट्यकलेचा प्रसार हा नववा. त्याच्या आधी व्यायामशाळा काढणे, मोफत वाचनालय चालवणे, हुंडाबंदीचा प्रचार करणे, वृक्षारोपण. संस्थापकांनी नोंदणीच्या घाईत दुसऱ्या कुठल्या तरी मंडळाची घटना उतरवून काढली होती. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट, पण पुढे देणगीदार कागद मागायला लागले तेव्हा हसू आटलं. उद्देश बदलायचे तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे विशेष सभा बोलवायची, तीन पंचमांश मतं मिळवायची, आणि महिन्याभराच्या अंतरानं दुसरी विशेष सभा घेऊन तेवढ्याच बहुमतानं ठराव पुन्हा कायम करायचा. ताईंनी दोन्ही सभा घेतल्या. दोन्हींत एका सभासदाचा आग्रह होता की वृक्षारोपण राहू द्या, चांगलं दिसतं. ते राहिलंय.

ताईंच्या कारखान्यात बॉयलर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतो, पण कुणाच्या रानात किती ऊस उभा आहे याची नोंद लागणीपासून झालेली असते. बिनानोंदीचा ऊस तोडीची वाट बघत फडात वाळतो. संस्थेचं उलटं होतं. गणपती बुडले की कुणीतरी म्हणायचं, "यंदा काय करायचं?" सप्टेंबरात संहितेची शोधाशोध, ऑक्टोबरात तालमी, त्यात मध्येच दिवाळी, नोव्हेंबरात स्पर्धा. चांगली संहिता तोवर दुसऱ्या गावच्या संस्थेनं उचललेली असायची. ताईंनी मंडळापुढे एक कागद ठेवला. जानेवारी ते मार्च वाचन, अक्षय्य तृतीयेला संहिता पक्की, त्याच दिवशी लेखकाला परवानगीचं पत्र आणि आगाऊ मानधन, आणि पुढच्या वर्षीचा दिग्दर्शक या वर्षीच ठरलेला. मंडळात या कागदाला 'ताईंचा गळीत हंगाम' असं नाव पडलं. टिंगल सुरू झाली तरी ताईंनी नाव बदलू दिलं नाही. उसाची भाषा सभासदांना कळत होती. पहिली तीन वर्षं तो हंगाम पाळला गेला नाही. चौथ्या वर्षी पाळला गेला, कारण त्या वर्षी दिग्दर्शक करायला तयार झालेला मुलगा नोकरीत फिरतीवर होता आणि त्याला रजा आधी टाकावी लागणार होती.

या सगळ्याला इंग्रजीत स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग म्हणतात हे ताईंना बरंच नंतर कळलं. २०१५ च्या सुमारास देशात या विषयाला थोडे बरे दिवस आले. इंडिया थिएटर फोरम, इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि जुनून यांनी मिळून नाट्यसंस्थांसाठी 'स्मार्ट' नावाचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम काढला. ताई गेल्या त्या पुण्यातल्या एका साध्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला. पहिल्या दिवशी बलस्थानं, उणिवा, संधी, धोके असे चार चौकोन भरायचे होते. ताईंच्या शेजारच्या तमाशा फडाच्या मालकानं चारही चौकोनांत एकच शब्द लिहिला: पाऊस. त्याला कुणी चुकीचं म्हणू शकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ताईंना एक गोष्ट मिळाली. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनाच वाजवावी लागायची आणि आजही चौघांनाच, तेवढ्याच मिनिटांत. बाकी जगात यंत्रं येतात, तेवढ्याच माणसांत जास्त माल निघतो, मजुरी वाढते. ती वाढलेली मजुरी कलेलाही द्यावी लागते, पण कलेचा माल तेवढाच निघतो. म्हणून खर्च कायम उत्पन्नाच्या पुढे. ताईंच्या डोळ्यांदेखत कारखान्यात तेवढ्याच कामगारांत गाळप वाढलं होतं. सात पात्रांच्या नाटकाला मात्र सातच माणसं लागत होती. इतकी वर्षं ताळेबंदातली तूट बघून त्यांना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं. परतीच्या एसटीत त्यांनी तो सल काढून टाकला आणि दुसरा प्रश्न घेतला: तूट येणारच असेल तर ती किती, आणि कोण सोसतंय?

त्यासाठी त्यांनी एका प्रयोगाचा हिशेब तीन रकान्यांत मांडला. पहिल्यात दिलेले पैसे: नाट्यगृहाचं भाडं, लाइटवाला, टेम्पोच्या दोन फेऱ्या, हमाली, रंगभूषा, इस्त्री, लेखकाचं मानधन, पोस्टर, चहा-वडापाव. दुसऱ्यात न दिलेले पैसे: तालमीसाठी एका सभासदानं दिलेला बंद गाळा, दिग्दर्शकाच्या पंचेचाळीस संध्याकाळी, मिरजेहून रोज येणाऱ्या दोन नटांचं पेट्रोल, नेपथ्य ठोकून देणारा सुतार सभासद. तिसऱ्यात फुकट पास. त्या प्रयोगाला ३४० माणसं होती, त्यांतले ११२ पासवाले. आणि तक्रारीही त्यांच्याच जास्त होत्या, खुर्ची मागची मिळाली म्हणून.

मंडळाच्या बैठकीत दुसरा रकाना बघून वातावरण तापलं. "कलेला तराजूत घालताय होय?" एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. ताईंनी शांतपणे विचारलं, "गेल्या साली सुताराच्या मुलीचं लग्न होतं. तो आला नाही. तेव्हा बाहेरच्या माणसाला आपण किती दिलं ते आठवतंय का?" आठवत होतं. फुकटचं माणूस येईनासं झालं की त्याची खरी किंमत एकाच रात्रीत कळते. त्या बैठकीत ठरलं ते एवढंच की सुताराला आणि मिरजेच्या नटांना प्रवासखर्च द्यायचा. पास बंद करायचा ठराव नामंजूर झाला. तो आणखी दोन वर्षांनी मंजूर झाला, आणि तरीही नगरसेवकांचे पास चालूच राहिले.

काय करायचं हे ठरवणं त्यामानानं सोपं होतं. काय बंद करायचं यावर माणसं दुखावली. संस्थेचा वर्धापनदिन दणक्यात व्हायचा. बाहेरून पाहुणे, त्यांची लॉजिंगची व्यवस्था, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं, आणि स्मरणिका. स्मरणिकेच्या जाहिरातींसाठी सभासद दोन महिने सराफकट्ट्यापासून मार्केट यार्डापर्यंत फिरायचे. जमलेले पैसे समारंभातच संपायचे. ताईंनी तो समारंभ बंद करून एका संध्याकाळी फक्त चहा आणि नाट्यप्रवेश ठेवायचं सुचवलं. एका माजी अध्यक्षांनी राजीनामा दिला. ते वाईट माणूस नव्हते. स्मरणिकेसाठी दुकानं फिरणं हीच त्यांची संस्थेतली भूमिका होती, आणि ताईंनी ती काढून घेतली होती. हे त्यांना बोलून दाखवायला हवं होतं, असं ताई आता म्हणतात. तेव्हा त्यांनी फक्त आकडे दाखवले.

आणखी एक चूक त्या स्वतःहून सांगतात. महिन्यातल्या एका शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये अभिवाचन व्हायचं. यायचे दहा-बारा लोक. उत्पन्न शून्य, खर्च हॉलभाडं आणि चहा. २०११ मध्ये ताईंनी ते बंद केलं. हिशेबाच्या दृष्टीनं निर्णय बिनचूक होता. २०१४ मध्ये चार तरुण पात्रांचं नाटक हाती घेतलं आणि लक्षात आलं की संस्थेत तिशीच्या आतलं एकही माणूस उरलेलं नाही. त्या दहा-बारांत दरवर्षी दोन-तीन नवी पोरं असायची. कॉलेजच्या एकांकिका संपल्या की पुढे कुठे जायचं, हे पोरांना त्या शनिवारमुळे कळायचं. तो संस्थेचा दरवाजा होता आणि ताईंनी चहाच्या बिलावरून तो लावून घेतला होता. अभिवाचन पुन्हा सुरू केल्यावर पहिली तीन वर्षं फक्त जुनेच सभासद येत राहिले.

पैशांच्या बाबतीत पण त्यांच्या हातून निसटलंच. संस्थेच्या ठेवी एका सहकारी बँकेत होत्या, कारण त्या बँकेचे एक संचालक संस्थेचे हितचिंतक होते आणि व्याज अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळायचं. बँक बुडाली. तेव्हा ठेवविम्याचं संरक्षण एक लाखापर्यंतच होतं. पाच लाख झालं ते फेब्रुवारी २०२० मध्ये. एक लाख मिळाले, बाकीचे गेले. कारखान्यात दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शेरे मारणाऱ्या बाईंनी स्वतःच्या संस्थेच्या ठेवी एकाच टोपलीत राहू दिल्या होत्या. "विचारायचा संकोच वाटला," एवढंच त्या म्हणतात. मिळालेले पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत गेले, तर तिथं व्याजच घटत गेलं. २०१४ मध्ये नऊ टक्क्यांच्या घरात असलेला दर २०२१ पर्यंत साडेपाचच्या आत आला. संस्थापकांनी 'व्याजावर दरवर्षी एक नाटक' असं ठरवून ठेवलेला निधी आता अर्ध्या नाटकालाही पुरेना.

मग सीएसआर आला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची, आणि कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृतीही आहे. एका कंपनीनं तीन दिवसांच्या नाट्यमहोत्सवाला पैसे दिले. मंजुरी आली जानेवारीच्या शेवटी, खर्च ३१ मार्चच्या आत. बाहेरची तीन नाटकं आणली, मोठं नाट्यगृह, रंगीत पोस्टर, रंगमंचाच्या दोन्ही अंगांना कंपनीचे फलक. गर्दीही झाली. पुढच्या वर्षीही झाला. तिसऱ्या वर्षी कंपनीचे अधिकारी बदलले आणि पैसे शाळांच्या स्वच्छतागृहांकडे गेले. त्याबद्दल ताईंची तक्रार नाही, स्वच्छतागृहं लागतातच. पण दोन वर्षांत प्रेक्षकांना फुकट आणि मोठ्या नटांचं बघायची सवय लागली होती, संस्थेचे लोक खुर्च्या लावण्यात दमले होते, आणि स्वतःचं नाटक दोन वर्षं झालं नव्हतं. त्यानंतर ताईंनी नियम केला: एका वर्षाचे पैसे एका वर्षात संपणाऱ्या कामालाच घ्यायचे. पुस्तकं छापा, जुन्या प्रयोगांच्या कॅसेट संगणकावर घ्या, शिबिर घ्या. रोजच्या पोळीला ते पैसे लावायचे नाहीत.

नाटकात पैशांची ही ओढाताण काही नवी नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली तेव्हा गाणं, रूप, प्रेक्षक, कशालाच कमी नव्हतं. तरी भागीदार एकेक करून गेले आणि कंपनी कर्जात रुतली. सांगलीच्या नाटकवाल्यांना हा इतिहास घरचा वाटतो. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं, 'शारदा'कार देवल इथल्याच हरिपूरचे. पण गावात या इतिहासाची भाषणं होतात ती अभिनयाची आणि पदांची. मंडळींच्या कीर्दखतावण्यांवर कुणी बोलत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेली. इशारा पातळी ४० फुटांची, धोक्याची ४५ ची. संस्थेचं गोदाम गावभागात, नदीपासून फार लांब नाही. तळघरवजा खोलीत कपड्यांच्या अकरा ट्रंका, लाइटचे स्पॉट, रंगवलेले पडदे आणि जुन्या संहितांची दोन कपाटं. २००५ च्या पुरातही तिथं पाणी शिरलं होतं. तेव्हा अण्णांनी पोरांना हाका मारून निम्मं सामान वर नेलं होतं. कुठलं निम्मं आणि कुठल्या क्रमानं, ते अर्थातच डोक्यात. या वेळी अण्णा नव्हते. किल्ली ज्याच्याकडे होती त्याच्या स्वतःच्या घरात पाणी आलं होतं. ताई माधवनगरला अडकल्या होत्या. गोदामाचं दार उघडलं तेव्हा पाणी उतरून दोन दिवस झाले होते.

त्या वासाबद्दल ताई आजही नीट बोलत नाहीत. ट्रंकांच्या तळाशी चिखल, त्यावर जरीच्या लुगड्यांचे रंग एकमेकांत उतरलेले, शालूचा हिरवा अंगरख्याच्या पांढऱ्यावर. पडदे गेले. संहितांचं एक कपाट आडवं पडलं होतं आणि त्यातल्या वह्या फुगून कपाटाला घट्ट बसल्या होत्या. त्या काढायला कपाटाची फळी कापावी लागली. त्या हस्तलिखित प्रतींवर चाळीस वर्षांच्या दिग्दर्शकांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या: कोण कुठून येतो, लाइट कधी उतरतो, कुठल्या वाक्याला हशा येतो. नऊ जणांनी एका शाळेच्या वर्गात पंधरा दिवस पानांपानांत वर्तमानपत्रं घालून, पंख्याखाली ठेवून, कागद बदलत त्या वाळवल्या. शाईचं गेलं. पेन्सिलीचं राहिलं.

नुकसानीचा अर्ज करायला गेल्यावर विचारलं गेलं, सामानाची यादी? ती ताईंच्या त्या जुन्या वहीत होती, आणि वही गोदामात होती.

त्यानंतरच्या दिवाळीत ताईंनी एका पानाची एक योजना लिहिली. तिच्यात ध्येय नाही, दृष्टी नाही, चौकोन नाहीत. वर ठळक अक्षरांत: 'आयर्विन पुलाची पातळी'. खाली तीन ओळी. ३५ फूट: कपड्यांच्या ट्रंका आणि संहिता वर. ४० फूट: लाइट वर. ४५ फूट: मेन स्विच बंद करून बाहेर पडायचं, राहिलेलं राहू द्यायचं. त्याखाली किल्ली असलेल्या तिघांचे फोन नंबर, टेम्पोवाल्याचा नंबर, आणि 'वर' म्हणजे कुणाच्या घरी कुठल्या मजल्यावर. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून गोदामाच्या दाराला आतून चिकटवला. यादीच्या तीन प्रती तीन घरांत.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं आणि ५५ फुटांच्या आसपास गेलं. ताई तेव्हा तापानं अंथरुणावर होत्या आणि त्यांना कुणी फोनही केला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला: सगळं वर आहे, एक पायपेटी राहिली. एवढ्या वर्षांत केलेल्या आराखड्यांतला हा एकच सगळ्यांना कळला आणि त्यांच्याशिवाय पार पडला. आपल्याला आनंद व्हायला हवा होता, पण पहिल्यांदा वाईट वाटलं, असं त्या मोकळेपणानं सांगतात. फोन कसा केला नाही?

मधली करोनाची दोन वर्षं त्या पटकन सांगून टाकतात. मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद, ५ नोव्हेंबरला, नेमक्या रंगभूमी दिनाला, निम्म्या खुर्च्यांवर परवानगी, पुढच्या एप्रिलात परत बंद, २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा निम्म्यावर सुरू. निम्म्या खुर्च्यांवर प्रयोग म्हणजे पूर्ण तोटा. त्या काळात एक चांगली गोष्ट घडली. गावातल्या तीन नाट्यसंस्था, ज्या एरवी स्पर्धेच्या निकालानंतर एकमेकींशी बोलत नसत, त्यांनी मिळून स्पॉट आणि डिमरचा एक संच विकत घेतला. तिघींच्या तारखा एका कॅलेंडरवर. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या कंपन्या 'संयुक्त मानापमान'साठी एका रात्रीपुरत्या एकत्र आल्या, त्याचं कौतुक शंभर वर्षं चाललंय. या तीन संस्थांचं एकत्र येणं डिमरच्या हप्त्यांमुळे होतं. आतापर्यंत दोनदा भांडण झालंय, दोन्ही वेळा वायर कुणी तोडली यावरून.

कागदाचा एवढा आग्रह धरणाऱ्या ताईंना एक उदाहरण मात्र नेहमी अडवतं. मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. तेव्हापासून मोठमोठे गवई चिंचेच्या झाडाखाली येऊन हजेरी लावून जातात. बिदागीसाठी कुणी येत नाही, तिकीट नाही, फलकांची लढाई नाही. तिथं पंचवार्षिक योजना कुणी लिहिली? ताई यावर बराच विचार करतात आणि म्हणतात, तिथं तारीख ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, आणि आपण कशासाठी येतो हे प्रत्येकाला माहीत आहे. आमच्याकडे या तिन्हींवर बैठकी लागतात.

२०२३ च्या वार्षिक सभेत त्यांनी कार्यवाहपद सोडलं. थांबा म्हणणारे होते. 'आम्हाला जमणार नाही' म्हणणारे जास्त होते. नवा कार्यवाह एकतीस वर्षांचा. पुन्हा सुरू केलेल्या त्या शनिवारच्या अभिवाचनाला चौथ्या वर्षी पहिल्यांदा आला होता, चहा संपल्यावर कप विसळायला थांबलेला. बदल अर्ज एकोणचाळिसाव्या दिवशी दाखल झाला. बँकेतल्या सह्या बदलल्या. पिशवी ताईंनी दिली नाही; तिच्यातला 'देव जाणे' ढीग अजून त्यांच्या माळ्यावर आहे.

मध्यंतरी पावसाळ्याच्या तोंडावर त्या एका नाटकासाठी शेला शोधायला गोदामात गेल्या होत्या. दारामागचा कागद बदलला होता. अक्षर त्यांचं नव्हतं, आणि पहिल्या क्रमांकावरचा त्यांचा फोन नंबर तिसऱ्यावर गेला होता. पहिल्या ओळीतले ३५ फूटही गेले होते, तिथं ३० लिहिलं होतं. त्यांनी कार्यवाह पोराला विचारलं, हे का?

"ताई, ट्रंका आता सतरा झाल्यात," तो म्हणाला. "वेळ लागतोय."